जाधव सिस्टर आणि टेपवाडीचा चढ

आमच्या आरोग्य केंद्राच्या मागूनच टेपवाडीचा चढ सुरू होतो. त्या चढाला एखादी मोटारसायकल लागली की मी अजूनही गोळ्यांची पुडी हातात धरून थांबतो आणि ऐकत राहतो. खिडकीपलीकडचा माणूस वैतागतो. "म्हात्रेभाऊ, द्या की लवकर, एसटी जाईल," म्हणतो. पण इंजिनाचा आवाज करवंदीच्या वळणापलीकडे सरळ निघून गेल्याशिवाय माझा हात काही पुढे होत नाही. ही खोड मला जाधव सिस्टरनी लावली. त्या आमच्याकडे आरोग्यसेविका होत्या आणि मी औषधं देणारा, म्हणजे आहे अजून. त्यांच्याकडून काय घेतलंस असं कुणी विचारलं, तर काळजी करायची पद्धत घेतली, एवढंच मला सांगता येईल.

काळजी मी आधीही करायचो. पण काळजी करणारी माणसं सहसा जागची हलत नाहीत, मीही खिडकीमागे बसून करायचो. जाधव सिस्टर मात्र काळजी करत करत मोटारसायकल चालवायच्या. बांधा लहानसर, गाडीवर बसल्या की पाय जेमतेम जमिनीला टेकायचे. भर उन्हाळ्यातही अंगात पूर्ण बाह्यांचं जाकीट, हातमोजे, आणि डोक्यापासून मानेपर्यंत गुंडाळलेला निळा स्कार्फ, त्यातून फक्त डोळे दिसणार. त्यावर हेल्मेट. मोबाइल एका प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. टाकीवर 'जय भीम' लिहिलेलं स्टिकर होतं, त्याच्या कडा सुटतील म्हणून त्यावरून आणखी एक पारदर्शक चिकटपट्टी. मी एकदा विचारलं, "सिस्टर, चिकटपट्टी सुटली तर?" तर त्या हसल्या नाहीत. वाकून बघायला लागल्या.

सकाळी लसींचा निळा डबा मागच्या कॅरिअरला बांधून त्या निघायच्या. फाटकापर्यंत जायच्या आणि वळून परत यायच्या. मग डब्याचं झाकण दाबून बघायचं, दोरी ओढून बघायची, आणि म्हणायचं, "बघून घेतलेलं बरं." एवढं झाल्यावरच त्या खऱ्या निघायच्या. त्यांच्या पहिल्या निघण्याला आमच्याकडे कुणी निघणं धरतच नसे. शिपाईसुद्धा फाटक उघडंच ठेवून उभा राहायचा.

त्यांचा खरा शत्रू होता खारा वारा. समुद्र आमच्या केंद्रापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे इथे लोखंड टिकत नाही. खिडक्यांचे गज पापुद्रे धरतात, कुलपं अडकून बसतात, सायकलची साखळी पावसाळ्यात भाकरीच्या पिठासारखी हातात येते. आम्ही त्याला सरावलेलो. माझं तर घराणंच उरणकडच्या मिठागरातलं. आजा, बाप, सगळे मिठात उभे राहून जगले. हे सिस्टरना कळल्यापासून त्यांनी गंजाचा सगळा दोष माझ्या खात्यावर टाकला होता. "तुमच्या बापजाद्यांनी पिकवलेलं मीठ माझी गाडी खातंय, म्हात्रेभाऊ," असं त्या अगदी गंभीरपणे म्हणायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो. मग एक गोष्ट घडली आणि हसू गेलं.

टेपवाडी ही वरच्या सपाटीवरची कातकऱ्यांची वस्ती. डांबरी रस्ता खाली ओढ्यावरच्या मोरीपाशी संपतो, तिथून वर तांबड्या मातीची आणि धोंड्यांची वाट. ॲम्ब्युलन्स मोरीच्या पुढे येत नाही. वाडीतली सुमन वाघमारे पहिल्यांदा बाळंत व्हायची होती, तेव्हा सिस्टरकडे जुनी स्कूटर होती. निरोप आला तशा त्या निघाल्या आणि निम्म्या चढावर स्कूटरची केबल तुटली. आतून गंजून धाग्याएवढी उरली होती. स्कूटर तिथेच टाकून त्या धावत, धापा टाकत वर पोचल्या तेव्हा मूल होऊन गेलं होतं. ते रडलंच नव्हतं. काय करायचं ते माहीत असलेलं माणूस त्या झोपडीत कुणी नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्या वाटेत होत्या.

त्या दिवशी त्या खाली चालत आल्या ते मी पाहिलं आहे. स्कूटर एका हाताने ढकलत आणत होत्या. माझ्या खिडकीसमोर उभ्या राहिल्या, मुठीतली ती तुटकी केबल लाकडी फळीवर ठेवली आणि आत गेल्या. बराच वेळ ती केबल तिथेच पडून होती. मला तिला हात लावायचं धाडस झालं नाही.

त्यानंतर त्यांनी मोटारसायकल घेतली. मोठ्या चाकांची, चढाला दमदार, हायवेवरच्या शोरूममधून कोरी. आणि पहिल्याच सर्व्हिसिंगला त्यांनी गंजाविरुद्ध युद्ध पुकारलं. त्या दिवशी औषधांची खोकी आणायला मीही मागे बसून गेलो होतो. आमच्या किनाऱ्यावर गाड्यांना पावसाळ्याआधी खालून काळं ऑइल फासायची रीतच आहे. शोरूमवाले त्याच कामाला 'कोटिंग' म्हणतात, त्यांच्याकडचा माल जास्त दाट आणि चिकट असतो एवढाच फरक. पोरगेल्या मेकॅनिकने खालच्या सांगाड्याला, मडगार्डला, साखळीच्या कव्हरला कोटिंग मारलं आणि हात पुसले. सिस्टर गुडघ्यावर बसून बॅटरीच्या उजेडात गाडी तपासत होत्या.

"हे राहिलं," त्या इंजिनाकडे बोट करून म्हणाल्या. इंजिनाच्या नळकांड्याभोवती पातळ पट्ट्यांच्या रांगा असतात ना, त्या.

"तिथं नाय मारत, सिस्टर."

"का? तिथं वारा लागत नाही?"

"लागतो की. लागायलाच पायजे..."

"मग खारा वाराच लागतो ना? मारा तिथंही. सगळीकडे मारा. दरवेळी मारायचं, मी सांगायची वाट बघू नका."

मेकॅनिकने मालकाकडे पाहिलं. मालकाने मान हलवली, म्हणजे गिऱ्हाईक म्हणतं तर मारून टाक. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी तर मनात म्हटलं, बाई किती जपून वागते, आपण शिकलं पाहिजे.

पुढचे काही महिने ठीक गेले. दिवाळी झाली, थंडी सरली, वाटेवरची तांबडी धूळ उडायला लागली, आणि गाडी तापू लागली. सपाटीला काही नाही, पण टेपवाडीचा चढ आला की निम्म्यावर इंजिन आतून टणटण वाजायला लागायचं. मग ओढ जायची, जळका वास यायचा. सिस्टर करवंदीच्या वळणाशी गाडी उभी करायच्या, हातमोजा काढायच्या आणि हाताची मागची बाजू इंजिनाजवळ न्यायच्या, न टेकवता. लहान मुलाचा ताप बघायची त्यांची जी रीत, तीच.

त्या शोरूमला गेल्या. तिथे म्हणाले, ट्यूनिंग हललंय. रेस लावून दिली, कार्बोरेटर उघडून साफ केला, गाडी धुऊनपुसून चकचकीत करून दिली. आणि सांगायची वाट न बघता, सिस्टरांची गाडी म्हणून, कोटिंगही आठवणीने मारून दिलं. दुसऱ्या दिवशी चढाला गाडी आधीपेक्षा लवकर तापली. त्या पुन्हा गेल्या. या वेळी प्लग बदलला, ऑइल बदललं, पुन्हा ट्यूनिंग, पुन्हा धुणं, पुन्हा कोटिंग. गाडी आणखी लवकर तापायला लागली.

"सर्व्हिसिंगहून आली की जास्तच तापते, म्हात्रेभाऊ. असं कुठं असतं का? दवाखान्यातून आला की पेशंट जास्त आजारी!"

"आपल्याकडे होतं कधीकधी," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गोळ्या मोजायला लागलो.

शोरूमच्या मालकाने शेवटी हात जोडले. म्हणाला, सिस्टर, चढ मोठा, हवा गरम, गाडी तापणारच. तुम्ही फार काळजी करता. हे त्यांना फार लागलं. परत आल्यावर माझ्या खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, "मी फार काळजी करते, हे खरं हाय. पण माझी काळजी खोटी ठरली तर मला आनंदच होईल ना? ती ठरतच न्हाय." असं बोलताना त्या मनापासून घाबरलेल्या होत्या. एरवी अगदी शाळेतलं मराठी बोलणाऱ्या सिस्टरांच्या तोंडी हाय-न्हाय आलं की समजायचं, आत काहीतरी हललंय.

कारण तोवर सुमन पुन्हा दिवसांत होती. दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ती कोळशाच्या भट्टीवर गेली होती, ती होळीच्या सुमारास पोट घेऊन परत आली. महिना कितवा, तिला नीट सांगता येईना. सिस्टरनी आल्या आल्या वाडी गाठली. बाळंतपणाआधी केंद्रात येऊन राहा, म्हणून विनवलं. ओट्यावर बसलेली सुमनची सासू म्हणाली, "तिकडं जाऊन पडली तर लाकडं कोण आणल, बाय? आन ती येत न्हाय. भ्याते ती." सुमन खाली बघून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. तशीच खाली बघत ती बोलली.

"तुमी या, सिस्टर. तुमी आलात तर मी तुमच्या गाडीवर बसन. दुसऱ्या कुनासंगं न्हाय यायाची."

"येईन," सिस्टर म्हणाल्या.

"बगा हां. मागल्या टायमाला पन येनार व्हता."

हे सिस्टरनी स्वतः मला सांगितलं. मागल्या टायमाला पन येनार व्हता, हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं आणि डब्याची दोरी उगीचच सोडून पुन्हा बांधली.

पुढचे दिवस वाईट गेले. सिस्टर रोज संध्याकाळच्या आत एकदा चढ चढून जायच्या. सुमनला बघायच्या म्हणायच्या, पण त्यांना गाडीही बघायची असायची. मी खिडकीतून ऐकायचो. आवाज चढत जायचा, चढत जायचा, मग टणटण, आणि वळणाशी बंद. मग नुसती शांतता, वरून एखादा भारद्वाज ओरडायचा. गाडी निवायला लागणारा तो वेळ मला अंगावर येई. त्या वेळात एक मूल जन्मून न रडता जाऊ शकतं, हे आता मला माहीत होतं. कुणाची तरी दुसरी गाडी घ्या, असं मी सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, "ज्याची गाडी घ्यायची तो त्या वेळी बोर्लीच्या बाजारात असला तर?" वाडीत एक मोटारसायकल होती, तिच्यावर कोंबड्या बसत.

मग वाडीतल्या लसीकरणाचा दिवस आला. मदतनीस बाई रजेवर, म्हणून डबा धरायला माझी नेमणूक झाली. गाडीवर मागे बसायचं म्हणजे मला एरवीच घाम फुटतो. त्यात वळणापाशी सिस्टर म्हणाल्या, "उतरा आता, दोघांना ओढायची न्हाय." मी डबा पोटाशी धरून उरलेला चढ चालत गेलो, आणि त्या गाडीला चुचकारत माझ्या पुढे-मागे येत राहिल्या. आम्ही दोघंही एकाच वेळी वर पोचलो, यातच काय ते आलं.

सुया टोचून झाल्या. तेवढ्यात एक म्हातारी नातवाला घेऊन आली. पोराला आदल्या दिवसापासून ताप. म्हातारीने त्याला आधी टॉवेलात, मग लुगड्याच्या पटकुरात, त्यावरून गोधडीत बांधून आणलं होतं. बाहेर ऊन रणरणतंय आणि पोराचं फक्त लाल नाक दिसतंय. सिस्टर भडकल्या. अशा वेळी त्या कुणाची भीड धरत नसत.

"तापलेल्या पोराला असं कोंडतात? कितीदा सांगितलं! अंगातला ताप बाहेर कुठून जाईल? सोड ते सगळं. उघडं कर त्याला."

एकीकडे बोलत त्यांनी स्वतःच गोधडी सोडली, पटकूर सोडलं, टॉवेल सोडला. ओल्या फडक्याने काखा, मान, कपाळ पुसायला लागल्या. म्हातारी ओशाळली.

"वारा लागल म्हून गुंडाळला, बाय. मायेनंच केलं."

सिस्टरांचा हात थांबला. ओलं फडकं पोराच्या पोटावर तसंच राहिलं. त्या दारातून बाहेर बघत होत्या. बाहेर आंब्याखाली त्यांची गाडी उभी होती.

"आलेच," त्या म्हणाल्या.

पोराला माझ्या मांडीवर ठेवून त्या बाहेर गेल्या, गाडीशी गुडघ्यावर बसल्या. मी पोराला पुसत पुसत दारात आलो. त्यांनी हातमोजा काढला होता आणि इंजिनाच्या पट्ट्यांमधून नख फिरवत होत्या. नखाबरोबर काळा, चिकट थर निघत होता. त्यात वाटेवरची तांबडी धूळ बसून घट्ट झाली होती. पट्ट्यांमधली फटच उरली नव्हती. वारा आत शिरायला जागा कुठे होती?

"म्हात्रेभाऊ, मी काय सांगितलं होतं त्या पोराला? शोरूममध्ये?"

"सगळीकडे मारा म्हणालात."

"आणि?"

"दरवेळी मारा. सांगायची वाट बघू नका."

त्या तिथेच मातीत बसल्या. मला वाटलं आता रडतात. पण त्या हसायला लागल्या, आणि मग हसताहसता डोळे पुसायला लागल्या. "गेली किती वर्षं आयांना ओरडतेय मी," त्या म्हणाल्या. "आणि घरचं पोर गोधडीत घालून हिंडतेय."

खाली आल्यावर त्यांनी जेवणाचा डबाही उघडला नाही. विहिरीपाशी गाडी लावली, बाटलीभर डिझेल मिळवलं, जुने दात घासायचे ब्रश घेतले आणि एकेक पट्टी घासायला बसल्या. एक ब्रश माझ्या हातात आला. शिपाईही बसला. दिवस मावळायच्या आत इंजिन उघडं, करडं, नागडं दिसायला लागलं. सिस्टरनी शोरूमला फोन लावला आणि यापुढे इंजिनाला बोट लावायचं नाही म्हणून सांगितलं. पलीकडून मालकाचा आवाज मला ऐकू येत होता. "सिस्टर, तुम्ही ओरडाल म्हणून तर आम्ही जास्तच मारत होतो!"

गाडी त्या संध्याकाळी एका दमात वर गेली. न टणटणता, न थांबता. मी खिडकीत एकटाच टाळी वाजवली. सिस्टर परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा तसाच. "एकदा गेली म्हणून काय झालं," म्हणाल्या. आता रोज सकाळी त्या उघड्या पट्ट्यांवर गंज आला का ते बघायच्या. चारदोन दिवसांत आला. पट्ट्या अल्युमिनियमच्या म्हणून पांढुरका, पण नखाने खरवडावा इतका. त्या त्याच्याकडे बघत राहायच्या, पिशवीतलं ऑइलचं फडकं चाचपायच्या, आणि हात मागे घ्यायच्या. त्यांना ते किती जड जात होतं, हे मी बघत होतो.

सुमनचा निरोप आला तो सकाळी, केंद्रात गर्दी असताना. डॉक्टरसाहेब श्रीवर्धनला मीटिंगला गेलेले. सिस्टरनी फोन ठेवला, पिशवी गळ्यात अडकवली, गाडीला किक मारली. फाटकापर्यंत गेल्या. शिपाई सवयीने फाटक धरून उभा राहिला. त्या वळल्या नाहीत.

मी ॲम्ब्युलन्सबरोबर मोरीपर्यंत गेलो. तिथून पुढे ऐकण्याशिवाय करण्यासारखं काही नव्हतं. गाडी वर जात होती. आवाज एकसारखा होता, वळण गेलं, सपाटी आली, आवाज पुसट झाला. पोचल्या. ड्रायव्हरने बिडी पेटवली. मी त्याला विझव म्हणालो, का ते मला माहीत नाही, धुराने ऐकू येत नाही असं मला वाटलं असावं. बऱ्याच वेळाने गाडी पुन्हा सुरू झाली आणि खाली यायला लागली, सावकाश, दगड चुकवत. मग वळणापाशी आवाज बंद पडला.

मी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो म्हणाला, "तापली काय?" मी पळायला लागलो. मी आयुष्यात कधी चढ पळत चढलो नव्हतो. भीती एकच होती, की पुन्हा तेच होतंय, तिच्याच बाबतीत, त्याच वाटेवर. या वेळी सिस्टरांच्या तोंडाकडे बघणं मला सोसणार नव्हतं.

वळणावर करवंदीच्या जाळीच्या सावलीत सुमन आडवी होती. सुमनला मागून धरून गाडीवर आलेली सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. गाडी स्टँडवर नीट उभी होती. सिस्टरांच्या हातात मूल होतं, निळसर, गप्प. त्या त्याचं तोंड साफ करत होत्या, पाठ चोळत होत्या, तळव्यांवर टिचकी मारत होत्या, आणि सगळा वेळ त्याच्याशी बोलत होत्या. "रड. रड की रे. ओरड माझ्यावर. मी आलेय ना या वेळी." सासूने डोळे मिटून घेतले होते. सुमन मात्र टक लावून सिस्टरांकडे बघत होती.

आणि ते रडलं. आधी मांजरासारखं, मग चांगलं कडकडून. मलाच रडू फुटलं. त्याची मला लाज वाटत नाही.

"म्हात्रेभाऊ, रडायचं मागाहून. गुंडाळायला द्या काहीतरी. याला गुंडाळायचं असतं, हे गार पडतं!" मी शर्टाची बटणं काढेपर्यंत त्यांनी स्वतःचा निळा स्कार्फ ओढून सोडला, डोक्यापासून पायापर्यंत पोराला त्यात घट्ट गुंडाळलं आणि सुमनच्या छातीशी दिलं. मग हाताची मागची बाजू त्याच्या तळपायाला लावून बघितली, आणि हसल्या.

स्ट्रेचर येईपर्यंत त्या माझ्याजवळ बसल्या. "गाडी बंद झाली तेव्हा तुम्हाला वाटलं ना, तापली म्हणून?"

"वाटलं."

"मी बंद केली. पोराला पुढं थांबायचं नव्हतं." त्यांनी गाडीकडे पाहिलं. इंजिनाच्या उघड्या पट्ट्यांवरून वारा जात होता.

पावसाळ्याच्या तोंडावर त्यांची बदली झाली, पालीकडे. मी म्हटलं, "सुटलात सिस्टर. तिकडे समुद्र नाही, खारं वारं नाही." त्या म्हणाल्या, "तिकडे नदीला पूर येतो म्हणे. पुलावरून पाणी जातं." त्यांनी नवी काळजी आधीच शोधून ठेवली होती.

निघायच्या दिवशी सुमन टेपवाडीहून चालत आली. पोर काखेला, अंगात एक झबलं, डोकं उघडं, आणि वारा तर भणाणत होता. धुऊन घडी घातलेला स्कार्फ तिने सिस्टरांपुढे धरला.

"अगं, याच्या डोक्याला काही नाही?" सिस्टर ओरडल्या.

"तुमीच सांगता ना, उघडा ठेवा म्हून?"

"तापलेल्या पोराला म्हणाले गं बाई! वारं लागेल त्याला!" असं म्हणत त्यांनी त्याच स्कार्फने पोराचं डोकं, कान बांधून टाकले आणि गाठ नीट बसली का ते ओढून बघितलं. मग, दुसरा स्कार्फ सामानात गेलेला म्हणून, नुसतंच हेल्मेट घातलं, सगळ्यांना जय भीम केला आणि निघाल्या.

फाटकापर्यंत गेल्या, आणि वळून परत आल्या. "काय राहिलं?" मी विचारलं. त्यांनी गाडी बंद केली नाही. हातमोजा काढला, वाकल्या आणि सुमनच्या पोराच्या तळपायाला हाताची मागची बाजू लावली.

"काही न्हाय. गरम हाय," त्या म्हणाल्या. "बघून घेतलेलं बरं."

मग त्या खऱ्या निघाल्या. बोर्लीच्या रस्त्याला लागल्या तेव्हा हेल्मेटखालून त्यांची वेणी वाऱ्यावर उडत होती. इतक्या वर्षांत ती अशी उडताना मी पहिल्यांदा पाहत होतो.